ज्यूलेप, व्होडका आणि आपला जुलाब

शनिवारी संध्याकाळी चार मित्र घरी येणार होते. फ्रिजमध्ये पुदिन्याची जुडी, कपाटात व्होडकाची बाटली. बायकोने विचारलं, "बारवाल्यासारखं काहीतरी जमेल का तुला?" मंडळी, इंजिनियरला असं विचारू नये.

कृती अगदी सोपी आहे. पुदिन्याची दहा-बारा पानं, दोन चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस ग्लासात घ्या. लाटण्याच्या टोकाने हलकेच दाबा. चटणी करायची नाहीये, पानं फार चेचली तर कडवट लागतात. त्यावर ६० मिली व्होडका आणि ग्लासभर बर्फ घालून वर थंड सोडा ओता. झालं!

आता या ग्लासाचं खानदान बघू. दारू, साखर, बर्फ आणि पुदिना यांच्या पेयाला अमेरिकेत 'मिंट ज्यूलेप' म्हणतात. हा 'ज्यूलेप' आला कुठून? फारसीत 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचं 'जुलाब' झालं आणि अर्थ झाला गोड पाक. हकीम लोक कडू औषध या पाकातून द्यायचे. तोच शब्द लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'ज्यूलेप' होऊन पोचला. आपल्याकडे आला तो 'जुलाब' म्हणूनच. फक्त आपण पोट साफ करणारं औषध तेवढं लक्षात ठेवलं, आणि पुढे त्या औषधाचा परिणामही! म्हणजे केंटकीतला साहेब घोड्यांची शर्यत बघत चांदीच्या पेल्यातून जे पितो, त्याचं नाव आणि आपण कसंनुसं तोंड करून डॉक्टरांना सांगतो ते, ही सख्खी भावंडं आहेत. पाहुण्यांना मात्र हे पहिला घोट घेऊन झाल्यावरच सांगा.

पुदिना यात अमेरिकेत शिरला. जॉन डेव्हिस नावाच्या इंग्रज प्रवाशाचं पुस्तक १८०३ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात त्याने नोंदवलंय की व्हर्जिनियातले लोक सकाळी सकाळी पुदिना घातलेली दारू घेतात. सकाळी! औषधाची सवय सुटली नव्हती, एवढंच म्हणू. पुढे १८६२ मध्ये जेरी थॉमस या बारटेंडरने कॉकटेलच्या कृतींचं पुस्तक काढलं. त्यातल्या मिंट ज्यूलेपमध्ये कोन्याक ब्रँडी आहे, वरून थोडी जमैकाची रम. व्होडकाचा पत्ता नाही. नंतर ब्रँडीची जागा बर्बनने घेतली.

व्होडका अमेरिकेत रुजली ती फार उशिरा. रशियन क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या व्लादिमीर स्मिर्नोव्हकडून रुडॉल्फ कुनेट याने १९३३ मध्ये अमेरिकेसाठीचे हक्क घेतले. धंदा काही चालेना. १९३९ मध्ये त्याने ते ह्यूब्लाइन कंपनीला फक्त १४,००० डॉलरला विकले. ह्यूब्लाइनच्या जॉन मार्टिनने मग आलं घातलेल्या जिंजर बिअरमध्ये व्होडका मिसळून 'मॉस्को म्यूल' खपवायला सुरुवात केली. त्याच्या मालाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे चव नाही, वास नाही. कशातही घाला, कळत नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत व्होडकाने अमेरिकेत बर्बनला मागे टाकलं. तिथल्या सरकारी नियमांतही व्होडकाला स्वतःचा खास वास, चव किंवा रंग नसावा अशी व्याख्या होती. ती थेट २०२० मध्ये बदलली.

आता गंमत बघा. हकिमाच्या जुलाबात साखर होती ती औषधाचा कडूपणा लपवायला. तरी जिभेला थोडं कळायचंच. ब्रँडी आणि बर्बनही आपली हजेरी लावतात. व्होडकाला मुळातच चव कमी, त्यात लिंबू, साखर आणि पुदिना. म्हणजे लपवायचं काम शंभर टक्के फत्ते. सिस्टीममध्ये एरर आहे, पण अलार्म काढून टाकलाय.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मागच्या वर्षी असंच अंदाजपंचे ओतत होतो. एक मित्र "अरे, हे तर सरबत आहे" म्हणत चार ग्लास प्यायला आणि मजेत बाइकची किल्ली शोधायला लागला. किल्ली माझ्या खिशात होती म्हणून बरं. तो रात्रभर आमच्या सोफ्यावर झोपला. मला मात्र झोप आली नाही, कारण ओतणारा मीच होतो.

तेव्हापासून मी मोजून ओततो. हिशोब सोपा आहे. ४२.८ टक्क्यांची ६० मिली व्होडका म्हणजे जवळजवळ २६ मिली शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरच्या दीड बाटलीएवढं! ते 'सरबत' चार ग्लास म्हणजे सहा बाटल्या बिअर.

त्यामुळे या शनिवारी दोन नियम केले. माप घरच्या मालकाच्या हातात आणि किल्ल्या फ्रिजवरच्या डब्यात. सगळे रिक्षाने गेले. 'जुलाब'ची गोष्ट ऐकून एकाने ग्लास खाली ठेवला. तोही फायदाच म्हणायचा.

असो. पुदिना उरलाय, उद्या चटणी.