दोरीवरची मुले

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या मैदानावर सर्कशीचा तंबू उभा राहिला, की कारखान्यांतील कामगार मुलाबाळांसह तिकडे लोटत असत. झुल्यावरची मुलगी एक दांडी सोडून दुसरीकडे झेपावली, की सारा तंबू श्वास रोखून धरी. त्या गर्दीत आम्हीही असू. खेळ संपल्यावर मात्र ती मुलगी कोठली, हे विचारण्याचे आम्हांला कधी सुचले नाही.

हे कौतुक आणि ही विस्मृती, दोन्ही जुनी आहेत. जपानने १८६६ साली आपल्या प्रजेला परदेशप्रवासाची मुभा दिली, तेव्हा पहिले परवाने मिळालेल्यांत कसरतपटूच होते. त्यांचा संच अमेरिका व पॅरिस गाजवून लंडनला गेला. त्यातला उमेकिची हा लहानगा मुलगा बापाच्या पायांवर तोललेल्या शिडीच्या टोकाशी चढे आणि वर पोहोचला, की 'ऑल राइट' असे ओरडे. लोकांनी त्याचे तेच नाव ठेवले! ब्रिटनच्या व्हरायटी रंगभूमीवर जपानी कसरतपटूंची ही परंपरा विसाव्या शतकातही चालू राहिली.

आमच्याकडे डोंबाऱ्यांची पोरे ढोलाच्या तालावर दोरीवर चालतच होती. पण तंबूतली सर्कस आणली ती विष्णुपंत छत्रे यांनी. सांगलीकडील अंकलखोपचे हे गृहस्थ ग्वाल्हेरला अश्वविद्या शिकले होते. १८७९ च्या सुमारास कियारिनी या इटालियनाची सर्कस मुंबईस आली. हिंदी माणसाला हे साधणार नाही, अशा त्याच्या बढाईला छत्र्यांनी १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' काढून उत्तर दिले, असे सांगतात. पुढे ही सर्कस केरळात तेल्लिचेरीला गेली. तेथील कीलेरी कुन्हिकण्णन यांनी १९०१ साली सर्कशीचे विद्यालय उघडले आणि देशभरच्या तंबूंना तेथून कलावंत मिळू लागले. पुण्याचे दामू धोत्रे लहानपणीच नातलगाच्या सर्कशीत शिरले आणि पुढे अमेरिकेत हिंस्र श्वापदांचे शिक्षक म्हणून नामांकित झाले.

छत्रे व धोत्रे यांचा आम्हांला रास्त अभिमान आहे. परंतु प्रत्येक धोत्र्यांमागे ज्यांचे नाव कोठेच राहिले नाही, अशी कितीतरी मुले होती. शाळेच्या वयात त्यांची हाडे वळवली गेली. १९९८ साली वाघ, सिंह, अस्वल, माकड यांना सर्कशीत नाचविण्यास केंद्र सरकारने बंदी केली. मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सरकारला दिला तो २०११ साली. जनावरांची दया आम्हांला तेरा वर्षे आधी आली!

येथे संत जॉन बॉस्को आठवतात. जत्रेतल्या कसरतपटूंचे खेळ निरखून ते बालपणीच दोरीवर चालावयास शिकले. दोन झाडांना दोरी बांधून ते गावकऱ्यांना खेळ दाखवीत आणि त्याच मेळ्यात त्यांच्याकडून जपमाळेची प्रार्थना म्हणवून घेत. कला तीच, दोरी तीच. पण त्या मुलाला कोणी विकत घेतले नव्हते. संध्याकाळी तो आपल्या आईकडे परतत होता.

चाकणपासून चिंचवडपर्यंत आजही परमुलखातली मुले चहाच्या टपरीवर आणि इमारतींच्या बांधकामावर दिसतात. त्यांच्याभोवती तंबू नाही, टाळ्या तर नाहीतच. बाळकांना माझ्याकडे येऊ द्या, असे म्हणणाऱ्या प्रभूचे आम्ही अनुयायी. तेव्हा चहाचा पेला हाती घेताना आम्ही त्या मुलाला निदान त्याचे नाव तरी विचारू या, आणि त्याची शाळा कोणती, हेही.