रोदाँचे 'कॅलेचे नागरिक' : स्मारकशिल्प आणि चौथऱ्याचा प्रश्न

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून पराभूत झालेल्या फ्रान्समध्ये ठिकठिकाणी स्मारकपुतळे उभे राहू लागले. पराभवाने दुखावलेल्या राष्ट्रीय अस्मितेला इतिहासातील वीरपुरुषांचा आधार हवा होता. कॅले या बंदरनगराने १८८४ मध्ये उस्ताश द सँ-पिएर याच्या स्मारकाचा संकल्प केला, तो याच वातावरणात. हे काम शिल्पकार ओगुस्त रोदाँ याच्याकडे सोपविण्यात आले.

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३४६ मध्ये कॅलेला वेढा घातला. सुमारे अकरा महिन्यांनी उपासमारीने नगर शरण आले. बखरकार फ्र्वासार याच्या वृत्तांतानुसार, सहा प्रतिष्ठित नागरिकांनी अनवाणी, गळ्यात दोर बांधून, नगराच्या किल्ल्या घेऊन यावे, अशी राजाची अट होती. उस्ताश प्रथम पुढे आला; राणी फिलिपाच्या विनवणीमुळे सहाही जणांचे प्राण वाचले. तथापि, गळ्यात दोर बांधून येणे हा मध्ययुगीन शरणागतीचा रूढ विधी होता, याकडे अलीकडील संशोधकांनी लक्ष वेधले आहे. शिवाय उस्ताशला त्याच वर्षी एडवर्डकडून वर्षासन मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे बलिदानाची ही कथा वाटते तितकी सरळ नाही.

नगराला एकच पुतळा अपेक्षित होता. रोदाँने सहाही नागरिक घडविण्याचे ठरविले आणि त्यांच्यात कोणालाही नायकपद दिले नाही. उस्ताश वाकलेला आहे. किल्ली धरलेला जाँ देर ताठ, पण ओठ घट्ट मिटलेला. आंद्रिअ दांद्र याने दोन्ही हातांत डोके धरले आहे. मृत्यूकडे जाताना प्रत्येक जण आपल्यापुरता एकटा आहे. १८८५ मधील दुसरा नमुना पाहून समितीने नापसंती व्यक्त केली. वीर इतके खचलेले कसे, हा तिचा आक्षेप होता. तो समजण्यासारखा असला, तरी शिल्पाचे मर्म नेमके त्या खचण्यातच आहे.

खरा मतभेद उंचीबाबत होता. शिल्प जवळजवळ फरसबंदीच्या पातळीवर असावे, म्हणजे आजचे नागरिक आपल्या पूर्वजांच्या अगदी निकट येतील, ही रोदाँची एक कल्पना होती. समुद्राच्या पार्श्वभूमीवर अतिशय उंच आधारावर ते उभारावे, ही दुसरी. नगराने दोन्ही नाकारल्या. ३ जून १८९५ रोजी अनावरण झाले, तेव्हा शिल्प मध्यम उंचीच्या चौथऱ्यावर, कठड्याच्या आत होते. भोवतालच्या कठड्याने तर जवळीक पूर्णच संपविली. रोदाँचे निधन १९१७ मध्ये झाले. त्याच्या मनातील ठेंगणा चौथरा कॅलेत आला तो १९२४ मध्ये. आज हे शिल्प तेथील नगरभवनासमोर आहे.

याच शिल्पाची एक ओतीव प्रत लंडनमध्ये, ब्रिटिश संसदेलगतच्या व्हिक्टोरिया टॉवर गार्डन्स या उद्यानात आहे. ज्या राजसत्तेपुढे हे सहा जण अनवाणी आले, तिच्याच राजधानीत त्यांना प्रथम उंच चौथरा लाभला. पुढे तोही खाली आणण्यात आला.