किती सीसी? आधी वजन विचारा!

जुनी ऑफ-रोड टू-स्ट्रोक शोधताना मी एकच विचारायचो, पॉवर किती? तशीच मोटोक्रॉसची गाडी घेतली आणि पहिल्याच दगडी चढावर आडवा झालो. तिची ताकद वरच्या आरपीएमला एकदम उसळते. दगडांत ती खालीच, हळूहळू मिळायला हवी.

खरं तर हा धडा १९६५चा. स्कॉटलंडच्या सिक्स डेज ट्रायलमध्ये वेगापेक्षा तोल महत्त्वाचा. पाय टेकला की दंड! तिथं तेव्हा ब्रिटिश फोर-स्ट्रोकचं राज्य होतं. सॅमी मिलर स्वतः ५०० सीसीची एरियल चालवायचा. ती सोडून तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला, त्यांच्यासोबत २४४ सीसीची टू-स्ट्रोक शेर्पा घडवली आणि त्या वर्षी तीच घेऊन जिंकला. निम्मं इंजिन! ना व्हॉल्व्ह, ना कॅमशाफ्ट, त्यामुळे वजनही कमी.

म्हणून आता मी इंजिन थंडच ठेवायला सांगतो, किक हळू दाबून कॉम्प्रेशन बघतो, पिस्टन कधी बदलला ते विचारतो. शेवटी मालकाच्या परवानगीने गाडी आडवी ठेवतो आणि एकट्यानं उचलतो. उचलली, तरच पैशांचं बोलायचं.