गजर वाजलाच नाही : १४ ऑगस्ट २००३ (थ्रेड)

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ‘उन्हाळ्यात मागणी वाढली, जाळे कोसळले’ असे कारण सर्रास सांगितले जाते. चौकशी अहवालातील घटनाक्रम मात्र निराळाच आहे.

ओहायोतील फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी २.१४ वाजता अलार्मची संगणकप्रणाली बंद पडली, आणि ती बंद पडल्याचे ऑपरेटरांना कळवणारे काहीच नव्हते. ३.०५ ला ३४५ किलोव्होल्टची पहिली वाहिनी झाडाला भिडून बंद पडली. तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भार होता! ३.३२ ला दुसरी गेली, ३.४१ ला तिसरी. बाहेरून फोन येत होते. पण गजर वाजत नसताना फोनवर विश्वास कोण ठेवणार? ४.०६ च्या सुमारास आणखी एक मोठी वाहिनी तुटली आणि सूत्रे माणसाच्या हातून निसटली. पुढच्या सातेक मिनिटांत सारे आटोपले.

या कक्षाची वंशावळ त्याहून अस्वस्थ करणारी आहे. १९६५ मध्ये याच भागात सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी टॉमस डी लियाको या अभियंत्याने जाळ्याच्या अवस्थांची मांडणी केली : सामान्य, आणीबाणी, पुनर्स्थापना. संगणकाने जाळ्यावर सतत नजर ठेवावी, धोका आधीच ओळखावा, ही आधुनिक नियंत्रण कक्षाची कल्पना बव्हंशी त्यांची. ते नोकरीला होते क्लीव्हलंडच्या वीज कंपनीत. तीच कंपनी १९९७ मध्ये फर्स्टएनर्जीत विलीन झाली.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ. फ्रान्सची पारेषण कंपनी आरटीई २०१९ पासून एक स्पर्धा भरवते. तीत संगणकीय ‘एजंट’ आभासी वीजजाळे चालवतात. वाहिनी तुटली की उपकेंद्रांतील जोडण्या बदलून भार दुसरीकडे वळवतात. यांतल्या चाली थक्क करणाऱ्या असतात. पण २००३ च्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते ती २०२१ च्या फेरीतील अट : परिस्थिती हाताबाहेर जाणार असेल, तर एजंटाने ऑपरेटरला वेळेआधी हाक मारावी आणि धोका जाळ्याच्या कोणत्या भागात आहे तेही सांगावे. हाकाही मोजक्याच. ऑपरेटरचे लक्ष हा मर्यादित साठा धरलेला असतो. प्रत्येक हाकेसरशी तो घटतो, आणि उगीच ओरडणाऱ्या एजंटापाशी खऱ्या संकटाच्या वेळी हाक शिल्लक राहत नाही.