नळदुर्गच्या फलकावर नसलेलं कर्ज



मागं आम्ही गटाच्या बाया लातूरहून तुळजापूरला गेलो होतो. देवीचं दर्शन झालं आणि पुढं नळदुर्गचा किल्ला बघितला. सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतच आहे तो. दाराशी फलक होता, आमच्यातल्या एकीनं तो मोठ्यानं वाचला. आदिलशाही, बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, नर-मादी धबधबे. सगळं खरं. पण हा किल्ला एकदा कर्जापायी दुसऱ्याच्या हाती गेला होता, हे काही त्यात आम्हाला दिसलं नाही. आपण गटातल्या बाया. आपल्याला तीच गोष्ट आधी कळायला हवी.

१८१८ साली पेशवाई बुडाली. सोलापूर इंग्रजांकडं गेलं, इकडचा मुलूख निजामाचा राहिला. नळदुर्ग आला हद्दीवर.

निजामाचा इंग्रजांशी १८०० साली करार झाला होता. लढाई लागली तर निजामानं फौज द्यायची, असं त्यात होतं. इंग्रजांनी मात्र ती फौज लढाई नसतानाही कायम उभी ठेवली. साहेब त्यांचे, हुकूम त्यांचा, पगार निजामाचा. आपल्या शेजारच्या हिंगोलीत या फौजेची छावणी होती.

पगाराला पैसा पुरेना. मग हैदराबादच्या पामर कंपनीकडून कर्ज काढलं. व्याज वर्षाला शेकडा चोवीस-पंचवीस, म्हणजे महिन्याला शेकडा दोन. बायांनो, आपल्यातल्या कितीतरी गटांचा दर हाच आहे! पण आपलं व्याज आपल्याच पेटीत पडतं, वर्षाखेरीला आपल्यातच वाटलं जातं. ते व्याज बाहेर गेलं. पुढं पामर कंपनी बुडाली, तरी फौज हटली नाही. पगार थकत गेला, इंग्रज सरकार तो भरून निजामाच्या नावावर मांडत गेलं.

शेवटी २१ मे १८५३ ला नवा करार झाला. थकबाकीपोटी आणि पुढच्या पगारापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गसह धाराशिवचा भाग इंग्रजांच्या हाती गेला. मालक म्हणून नाव निजामाचं, सारा वसूल करणार इंग्रज. गहाण रान दुसऱ्यानं कसावं, तसंच झालं. नळदुर्गला मेडोज टेलर नावाचे साहेब कारभारी म्हणून आले.

१८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. म्हणून १८६० साली सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळालं. वऱ्हाड मात्र सुटलं नाही. १९०२ साली ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांना दिलं. आमच्या माहूर-हदगावकडच्या बायांना हे लगेच कळेल. पैनगंगेच्या अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात.

आता विचार करा. ही फौज रयतेनं मागितली नव्हती. कर्जाच्या कागदावर कुणा शेतकऱ्याचा अंगठा नव्हता. तरी ते फिटलं सारा भरणाऱ्याच्या घामातून.

हे सांगायचं कारण आहे. आमच्याच एका मैत्रिणीच्या नावावर घरच्यांनी बाहेरून कर्ज उचललं. तिनं सही केली, पैसा हातात घेतला नाही. आता दर आठवड्याला हप्तेवाला तिच्याच दारात उभा राहतो. शेवटी आम्ही गटातून तिला आधार दिला, पण ती वर्षभर कुणाला बोलली नव्हती.

म्हणून सहीआधी चार गोष्टी विचारा. पैसा कुणाच्या हातात जाणार? कशाला लागणार? व्याज वर्षाला किती? फेडणार कोण? उत्तर मिळालं नाही तर पेन खाली ठेवा आणि गटाच्या बैठकीत बोला.

आणि नळदुर्गला गेलात तर फलक जरूर वाचा. मग लेकीला शेजारी उभी करून त्यावर नसलेली ही गोष्टही सांगा.

रामराम.