हाडांवर कोरलेली गाणी

दवाखान्यातून आणलेल्या एक्स-रे फिल्मचे काम झाल्यावर आपण काय करतो? बहुतेक घरांत ती कपाटावर नाही तर गादीखाली जाऊन बसते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी अनेक घरांतून अशा फिल्म बाहेर निघाल्या होत्या आणि 'यातून सूर्याकडे पाहू नका, डोळ्यांना इजा होईल' असे विज्ञान शिकवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले होते.

याच टाकाऊ फिल्मचा एक अगदी वेगळा उपयोग साधारण १९४६ ते १९६४ या काळात सोव्हिएत संघात केला जात असे. फिल्म गोल कापायची, मधोमध जळत्या सिगारेटने भोक पाडायचे आणि तिच्यावर गाणे कोरायचे. उजेडासमोर धरली तर कुणाच्या तरी बरगड्या दिसत, कुणाची कवटी दिसे. ग्रामोफोनवर ठेवली तर टँगो किंवा जॅझ ऐकू येई. लोक या तबकड्यांना 'हाडे' किंवा 'बरगड्या' म्हणत. आवडलेले गाणे मित्राला ऐकवावे, एवढ्या साध्या इच्छेपोटी काही माणसांनी तुरुंगवास भोगला. ही गोष्ट विज्ञानाची आहे आणि माणसांचीही.

गाणे ऐकायलाही परवानगी?

युद्धाआधी आणि युद्धकाळात सोव्हिएत संघात जॅझ ऐकले जात होते. अमेरिका तेव्हा मित्रराष्ट्र होते आणि ग्लेन मिलरचा वाद्यवृंद असलेला 'सन व्हॅली सेरेनेड' (१९४१) हा चित्रपट तिथल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला होता. युद्धात जर्मनांकडून हाती लागलेले काही चित्रपटही नंतर तिथे दाखवले गेले. मारिका रॉक या नटीचा एक संगीतपट १९४७ मध्ये खूप गाजला. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला त्यातले गाणे पुन्हा ऐकावेसे वाटणारच. पण दुकानात ते मिळत नसे.

शीतयुद्ध सुरू झाले तसे वारे फिरले. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने संगीताबद्दल ठराव केला आणि शोस्ताकोविच, प्रोकोफिएव यांच्यासारख्या मोठ्या संगीतकारांवरही ताशेरे ओढले. जॅझ म्हणजे परकीय, सडलेली संस्कृती ठरली. देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी तर आधीपासूनच नकोशी होती. त्यांतला सर्वांत लाडका प्योत्र लेश्चेन्को. तो बुखारेस्टमध्ये राहून रशियन टँगो गात असे. १९५१ मध्ये रुमानियात त्याला अटक झाली आणि १९५४ मध्ये कैदेतच तो वारला. सरकारच्या दृष्टीने तो उरलाच नव्हता. हाडांवरच्या तबकड्यांवर मात्र त्याचा आवाज या हातातून त्या हातात फिरत होता.

आता प्रश्न असा की सरकारला गाणी अडवणे जमत कसे होते? उत्तर तबकडीच्या कारखान्यात आहे. ग्रामोफोनची तबकडी छापली जाते. आधी मऊ थरावर मूळ खाच कोरतात, तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा तयार करतात आणि त्या साच्याने हजारो तबकड्या दाबून काढतात. (जुन्या तबकड्यांसाठी लागणारी लाख जगभर मुख्यत: भारतातून जात असे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.) या कामाला मोठी यंत्रे लागतात. कारखाना ज्याच्या ताब्यात, गाणी त्याच्या ताब्यात. सोव्हिएत संघात कारखाने सरकारचेच होते.

पण छापण्याखेरीज आणखी एक मार्ग आहे. प्रत्येक तबकडीवर खाच स्वतंत्रपणे कोरायची. हे काम सावकाश होते, पण त्याला कारखाना लागत नाही; एक खोली पुरते.

नेव्स्कीवरचे दुकान

लेनिनग्राड, म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, ८७२ दिवसांच्या वेढ्यातून जानेवारी १९४४ मध्ये सुटले होते. युद्ध संपल्यावर तिथल्या नेव्स्की प्रॉस्पेक्ट या हमरस्त्यावर स्तानिस्लाव फिलोन याने ध्वनिमुद्रणाचे दुकान थाटले. त्याच्याकडे टेलिफुंकन या जर्मन कंपनीचे, युद्धात हाती लागलेले मुद्रणयंत्र होते. दिवसा गिऱ्हाइके येऊन आईला, मैत्रिणीला दोन शब्दांचा 'बोलका' निरोप मुद्रित करून नेत. दुकान बंद झाल्यावर त्याच यंत्रावर दुकानात न मिळणारी गाणी कोरली जात.

या दुकानात घुटमळणाऱ्यांत रुस्लान बोगोस्लोव्स्की नावाचा एक संगीतवेडा तरुण होता. त्याने यंत्राचे भाग नीट न्याहाळले, मापे लक्षात ठेवली आणि स्वत:चे यंत्र घरी तयार केले. बोरिस ताइगिन हा मित्र त्याला येऊन मिळाला. १९४७ च्या सुमारास त्यांनी आपल्या उद्योगाला 'सोनेरी कुत्रा' असे नाव दिले. भोंग्यासमोर बसलेल्या एचएमव्हीच्या कुत्र्याची इथे कुणालाही आठवण व्हावी!

यंत्राची रचना समजायला सोपी आहे. मूळ तबकडीवर फिरणारी सुई खाचेच्या वळणांप्रमाणे डावी-उजवीकडे थरथरते. या थरथरीमुळे चुंबक व तारेच्या वेटोळ्यात बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो वर्धकातून मोठा करून दुसऱ्या वेटोळ्यात सोडला की तिथली सुई तशीच थरथरते. एक सुई ऐकते, दुसरी लिहिते. वीज आणि चुंबक यांचे नाते दोन्ही दिशांनी कसे चालते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यासाठी शोधूनही सापडणार नाही. लिहिणारी सुई एका लांब स्क्रूवर बसवलेली असते. तबकडी फिरते तशी ती हळूहळू सरकते आणि खाच चक्राकार उमटते.

मग एक्स-रे फिल्मच का? खाच कोरण्यासाठी पदार्थ इतका मऊ हवा की सुईने कापला जावा आणि इतका चिवट हवा की कपच्या उडू नयेत. प्लास्टिकचा पातळ पत्रा व त्यावर जिलेटिनचा थर असलेली ही फिल्म दोन्ही अटी पुऱ्या करते. शिवाय ती फुकटात, नाही तर नाममात्र पैशांत मिळे. जुन्या नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असत. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथील रुग्णालयात १५ मे १९२९ रोजी साठवलेल्या एक्स-रे फिल्म पेटून १२३ माणसे दगावली होती. त्यामुळे जुन्या फिल्मचे ढीग बाळगणे कुठल्याच रुग्णालयाला नको असे. कुणी घेऊन गेले तर अडगळ जाई!

थोडे गणित

२५ सेंटिमीटर व्यासाची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते असे धरू. बाहेरच्या खाचेची त्रिज्या सुमारे १२ सेंमी आणि सर्वांत आतल्या खाचेची ५ सेंमी, म्हणजे खाचांसाठी ७ सेंमी रुंद पट्टा मिळाला. एका सेंटिमीटरात सुमारे ४० खाचा मावतात. म्हणजे एकूण २८० फेरे. २८० ला ७८ ने भागले की साधारण साडेतीन मिनिटे येतात. त्या काळातली गाणी एवढीच लांब का असत, याचे एक कारण इथे सापडते.

आता आवाजाकडे पाहू. बाहेरच्या खाचेचा परीघ सुमारे ७५ सेंमी. ७८ फेऱ्यांचा वेग म्हणजे सेकंदाला १.३ फेरे. म्हणून सुईखालून सेकंदाला सुमारे ९८ सेंमी खाच सरकते. सेकंदाला १००० कंपने असलेला स्वर कोरला तर प्रत्येक लाट जेमतेम १ मिलिमीटर लांबीची होते. आत ५ सेंमी त्रिज्येवर हीच लाट ०.४ मिलिमीटरवर येते. म्हणजे गाणे जसे संपत येईल तशा लाटा दाटीवाटीने बसतात आणि उंच स्वर बिघडतात. फिल्मवरची खाच आधीच उथळ. त्यावर ग्रामोफोनची जड सुई. थोड्याच वेळा वाजवली की तबकडी झिजे, आणि खरखर तर पहिल्यापासूनच असे.

असे असूनही लोक ती घेत. मूळ तबकडी एखाद्या खलाशाने परदेशातून आणलेली असे. तिच्यावरून उतरवलेली प्रत मित्राकडे जाई, मग मित्राच्या मित्राकडे. विक्री कोपऱ्यावर, कोटाच्या बाहीत दडवून चाले. फसवणूकही होई. काही तबकड्यांवर गाण्याची पहिली काही क्षणांची धून आणि पुढे विकत घेणाऱ्याची टिंगल करणारा आवाज असे म्हणतात! तक्रार कुठे करणार? म्हणून ओळखीचा माणूस महत्त्वाचा ठरला. 'हे ऐक, चांगले आहे' असे सांगणाऱ्याच्या शब्दावर सारा व्यवहार उभा होता.

किंमत

१९५० मध्ये लेनिनग्राडमध्ये धरपकड झाली. बोगोस्लोव्स्कीला तीन वर्षांची आणि ताइगिनला पाच वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला. त्यानंतरच्या माफीत दोघेही सुटले. सुटल्यावर त्यांनी काय करावे? पुन्हा यंत्र जुळवले आणि पुन्हा गाणी कोरू लागले. बोगोस्लोव्स्कीला नंतर आणखी दोनदा तुरुंगात जावे लागले.

इथे एक प्रश्न विद्यार्थी विचारतीलच, आणि त्यांनी विचारावाही. ही चोरी नव्हती का? गायकाला यातला एक पैसाही मिळत नव्हता आणि कोरणारे तर पैसे घेत होते. आम्हाला वाटते, प्रश्नाचे उत्तर झटपट देऊ नये. जिथे गाणे विकत मिळते तिथे त्याची फुकट नक्कल करणे म्हणजे कलावंताच्या कष्टावर हात मारणे. पण जिथे ते कोणत्याही किमतीला मिळतच नाही आणि गायक स्वत: कैदेत आहे, तिथे त्याचा आवाज जिवंत ठेवणाऱ्याला चोर म्हणायचे का? वर्गात यावर वादविवाद घडवून आणण्याजोगा आहे.

'हाडे' संपली ती पोलिसांमुळे नव्हे. १९५७ च्या उन्हाळ्यात मॉस्कोत जागतिक युवक महोत्सव झाला आणि परदेशी संगीत थेट कानांवर आले. १९६० नंतर घराघरांत टेपरेकॉर्डर येऊ लागले. चुंबकीय फितीवर नक्कल करायला ना कात्री लागते ना सिगारेट. बुलात ओकुद्झावा आणि व्लादिमीर विसोत्स्की यांची गाणी मग अशाच फितींवरून देशभर पसरली.

आपल्याकडे

आपल्याकडे गाणे ऐकल्याबद्दल कुणी तुरुंगात गेले नाही. पण दुर्मीळ गाण्याची भूक तीच होती. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढे 'कॅसेट भरून घेणे' हा शब्दप्रयोग मराठी घरांत रुळला. मैफलीत कुणीतरी मुद्रित केलेला राग एकाकडून दुसऱ्याकडे, पुण्याहून धारवाडला, मुंबईहून गोव्याला जाई. प्रत्येक नकलेबरोबर खरखर थोडी वाढे, कारण यंत्र सुरांबरोबर फितीचा आवाजही इमानाने उतरवून घेते. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर यांनी तिचे मानद सचिवपद सांभाळले. जुन्या तबकड्या जमवायच्या आणि एकत्र बसून ऐकायच्या, हे तिचे काम. संग्राहकांनी जपल्या नसत्या तर यांतल्या कित्येक तबकड्या भंगारात गेल्या असत्या.

आज मोबाइलवरून पाठवलेले गाणे शंभराव्या हातातही पहिल्याइतकेच स्वच्छ पोहोचते, कारण तिथे लाटेची नव्हे तर आकड्यांची नक्कल होते. ही मोठीच सोय आहे. पण फुकट आणि अमर्याद मिळणाऱ्या गाण्यांतले कोणते ऐकायचे, हे अजूनही आपल्याला एखादा मित्रच सांगतो.

करून पाहा : जाड कागदाचा एक कोन करा. त्याच्या टोकातून शिवणाची सुई आरपार खोचून चिकटवा. निरुपयोगी झालेली जुनी तबकडी पेन्सिलीवर बसवून हाताने एकसारखी फिरवा आणि सुईचे टोक खाचेत हलकेच टेकवा. वीज नाही, वर्धक नाही, तरी कोनातून गाणे ऐकू येईल. (या प्रयोगाने तबकडी खराब होते, म्हणून जपण्याजोगी तबकडी घेऊ नये.) मग विद्यार्थ्यांना घरच्या मोठ्या माणसांना एक प्रश्न विचारून यायला सांगा : तुमचे सर्वांत आवडते गाणे तुम्हाला पहिल्यांदा कोणी ऐकवले? आलेली उत्तरे आम्हाला जरूर कळवा.