नावाजलेले संगीत आणि कोरडे राहणारे मन

ज्या गायनाने सारे तल्लीन होतात, जाणकार ज्याची थोरवी सांगतात, ते ऐकूनही आपले मन कोरडेच राहावे, हा अनुभव पुष्कळांना येतो. तो उघडपणे सांगणारे मात्र थोडे. मैफलीत इतरांच्या माना डोलतात, म्हणून आपणही डोलवायची, अशी रीत पडून गेली आहे. उपासनेतील संगीताविषयी असे घडले, तर या संकोचात अपराधाची भावनाही मिसळते. ज्या गीताने शेजाऱ्याचे डोळे पाणावतात, ते आपणांस स्पर्शही करीत नाही. मग आपली श्रद्धाच उणी आहे काय? ख्रिस्तसभेच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते आणि ते दिलासा देणारे आहे.

इसवी सन १५५५ च्या ९ एप्रिल रोजी दुसरे मार्सेलस पोपपदी निवडले गेले. तीनच दिवसांनी उत्तम शुक्रवार होता. पोपमहोदयांचा गायकवृंद त्या काळी युरोपात अग्रगण्य मानला जाई. थोर संगीतकार पॅलेस्ट्रिना त्याच वर्षी त्यात दाखल झाले होते. परंतु त्या दिवशीच्या गायनाने पोपमहोदयांचे समाधान झाले नाही. त्यांनी गायकांना बोलावून सांगितले की, दुःखसहनाच्या दिवशीचे गायन त्या दिवसाला साजेसे असावे आणि त्यातील शब्द ऐकणाऱ्याला नीट कळावेत. अवघ्या तीन आठवड्यांत, १ मे रोजी, पोप मार्सेलस निवर्तले. पुढे पॅलेस्ट्रिना यांनी आपल्या एका प्रसिद्ध मिस्सासंगीताला त्यांचेच नाव दिले.

त्यानंतरच्या शतकांत अभिरुचीचे वाद थांबले नाहीत. दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सेसिलियाच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले. त्यात ग्रेगरीय गायनाला अग्रस्थान आणि पॅलेस्ट्रिना यांच्या परंपरेला त्याखालोखाल मान दिला. मंदिरात पियानो वर्ज्य ठरला; ढोल, झांजा अशी गोंगाट करणारी वाद्येही निषिद्ध झाली. आपल्याकडील भाविकाच्या कानांना मात्र त्या ढोलाची व झांजेची सवय होती, आणि लॅटिन ही त्याच्या घरातील भाषा नव्हती. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच अशा श्रोत्याचा विचार केला होता. काय गायिले जात आहे हे एखाद्याला कळले नाही, तरी ते कशासाठी, म्हणजे देवाच्या गौरवासाठी, गायिले जात आहे हे त्याला कळते. भक्ती जागी होण्यास तेवढे पुरेसे आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक वळण देणारा पुरुष आपल्या आमगावच्या रेल्वेमार्गाशी जोडलेला आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी गाडी आमगाववरूनच जाते. १८९३ च्या सुमारास राजनांदगावी निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटला. दोघांत काव्याच्या गप्पा रंगल्या आणि त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. १८९५ मध्ये मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. त्या काळच्या मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवर बेतलेली गीते रूढ होती. ती मोठ्या भक्तांची आणि मान्यता पावलेली होती. परंतु ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीवर पोसलेल्या मनाला त्या चाली आपल्या वाटणे अवघड होते. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, भजन आणि कीर्तन हाती घेतले. १९१९ मध्ये ते निवर्तले; त्यांची गीते आजही पंथांच्या भिंती ओलांडून गायिली जातात.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात ग्रेगरीय गायनाचे मानाचे स्थान कायम ठेवले आहे. आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान व स्थान द्यावे, असेही सांगितले आहे. एका परंपरेला मान देण्यासाठी दुसरीचा अव्हेर करावा लागत नाही, हे परिषदेने ओळखले होते.

आधुनिक शास्त्रानेही या विषयाला हात घातला आहे. २०१४ मध्ये बार्सिलोना येथील संशोधकांनी दाखवून दिले की, काही निरोगी माणसांना इतर गोष्टींत आनंद मिळतो, सूरही ओळखता येतात, पण कोणतेच संगीत सुखावत नाही. हा त्यांच्या हृदयाचा कठोरपणा नव्हे. घडणच तशी असते.

तेव्हा, वाचकहो, घरातील एखादा मुलगा नावाजलेल्या रागदारीला किंवा गायकवृंदाच्या गीताला दाद देत नसेल, तर त्याला अरसिक वा अश्रद्ध म्हणण्याची घाई नको. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर दंडार पाहणारा आपला झाडीपट्टीतला माणूस सुरांना पारखा आहे, असे कोण म्हणेल? मात्र त्या मुलानेही हे ध्यानी ठेवावे की, आपल्याला न रुचलेले सारे निकस नसते. ज्या सुरांनी आजीला धीर दिला, त्यांचा मान त्याने राखावा. गीत आवडले नाही, तरी गाणाऱ्यांच्या शेजारी उभे राहता येते. आणि उपासनेत त्या उभे राहण्यालाही मोल आहे.